हर्शेलचा पेशंट

—नाही हो मॅडम, नाचत कुठे होतो? बँजो वाजत होता, मी उभा होतो, पाय आपले आपण हलले. आता हलले त्याला मी काय करू? आणि सांगितलं कुणी तुम्हाला? थांबा, नाव घेऊ नका—चर्चची गाडी चालवणारा डेल! त्याच्याशिवाय कोण? माजी सैनिकांच्या हॉलमध्ये कोपऱ्यात उभा राहून तळलेला मासा हादडत होता आणि डोळे सगळे माझ्यावर. मेला चुगलखोर! तुमच्या ह्या मदतवाल्यांच्या जाळ्याचं हेच आवडत नाही मला. पूर्वी कसं, दवाखान्यात एक रडगाणं, पेन्शनच्या ऑफिसात दुसरं, घरपोच जेवणवाल्यांकडे तिसरं—कुणाचा कुणाला पत्ता नाही, माणसाला चार थापा मारायला मोकळं रान. आता सगळे एकमेकांशी बोलतात. मी दवाखान्यात शिंकलो की जेवणवाली बाई सूप घेऊन दारात! छान आहे, नाही कशाला म्हणू—पण थापाड्याची पंचाईत होते हो. बसा ना, त्या झोपाळ्यावर माझ्या शेजारी बसा. कॉफी तुम्हीच ओता, माझा हात हल्ली जरा... नाचतो. हॉलमधून सवय लावून घेतलीय त्यानं.

तर तुम्ही म्हणताय, क्लोव्हिस टॅकेट धडधाकट आहे, अंथरुणाला खिळल्याचं ढोंग करून जेवण खातोय, चाकांची खुर्ची अडवून बसलाय, म्हणून केस बंद. बरोबर? ढोंग केलं. केलं! घ्या, कबूल. पण कुणासाठी ते विचारा की. नाही विचारत? मग मीच सांगतो. तो समोरचा हिरव्या पत्र्याचा ट्रेलर दिसतोय का—तिथे हर्शेल कोम्ब्स राहतो. व्हिएतनामच्या लढाईत आमच्या तुकडीचा डॉक, मलमपट्टी करणारा. औषधाची पिशवी घेऊन चिखलातून सरपटायचा, माझ्या पायावरची गळवं फोडताना असा शिव्या घालायचा की गळवंच घाबरून बसायची. अजून सगळं खोरं त्याला डॉकच म्हणतं. आता त्याला साखरेचा आजार आहे. आणि हट्टी—अहो, खेचर परवडलं! जेवणवाली त्याच्या दारात गेली तर म्हणाला, गरजवंताला द्या. दारापुढे पायऱ्यांवर उताराची फळी ठोकायला सुतार आले, त्यांच्याच हातातला हातोडा घेऊन त्यांनाच हाकललं. तुमच्या आधीच्या त्या बाई आल्या होत्या, चष्मेवाल्या, त्यांना म्हणाला, मी लोकांची काळजी घेतो, लोक माझी घेत नाहीत. झालं! तिथेच माझी ट्यूब पेटली.

घरी आजारी सैनिकाची काळजी घेणाऱ्यालाही तुमच्यात जेवण मिळतं ना? आणि त्याचीही तपासणी होते? हो ना? मग! मी पडलो आजारी. असा आजारी पडलो की अख्ख्या खोऱ्यात कुणी पडलं नसेल. कंबर गेली, धाप लागली, एक डोळासुद्धा काही दिवस गेला होता, पण मग वर्तमानपत्र वाचता येईना म्हणून परत आणला. आणि हर्शेलला निरोप धाडला, डॉक, माझं काही खरं नाही. धावत आला हो! दुसऱ्या दिवसापासून इथेच. मला औषधं देतो, माझ्यावर खेकसतो, आणि माझ्याबरोबर बसून मक्याचा पाव आणि बीन्स खातो—पेशंट एकटा जेवत नाही म्हणून. अंगावर मांस चढलंय त्याच्या. माणसांत आलाय.

हसताय? हसा. पण आता ऐका, हे हसण्यावारी न्यायचं नाही. परवा इथेच, ह्याच झोपाळ्यावर, त्याला डुलकी लागली. बूट काढलेला होता. मोज्यातून वास आला मला. मी वाकून बघितलं—अंगठा काळा, मॅडम. काळा! डॉक तो, त्याला कळत नसेल? सगळं कळतं. त्याच्या भावाचा पाय गुडघ्यातून कापला आणि भाऊ त्याच हिवाळ्यात गेला, म्हणून लपवतोय. उद्या तुमची नर्स यायचीय. मला बघणार, आणि नियमाप्रमाणे त्यालाही बघणार, बूट उतरवून. नियम म्हटला की तो मान खाली घालतो, फौजेतला माणूस. आणि तुम्ही आज केस बंद केलीत, की नर्स नाही. मी ठणठणीत असलो, तर तो कुणाची काळजी घेणार? जाईल ट्रेलरमध्ये, दार लावून घेईल, आणि मग आपण सगळे काळे कपडे घालून त्याच्या मयताला जाऊ, रीतीप्रमाणे बटाट्याची भांडी घेऊन. मला नाही जायचं. मला त्या दिवसाची भीती वाटते, सरळ सांगतो. तेव्हा एवढा एक दिवस मला आजारी राहू द्या. लिहा की, क्लोव्हिस अत्यवस्थ.

खोटं लिहिता येत नाही म्हणे! ह्या वयात एवढा खरेपणा बरा नव्हे. अहो, पुरावा हवा तर हर्शेललाच विचारा, मागच्या आठवड्यात न्हाणीत कसा पडलो होतो मी ते—पडलो म्हणजे पडायचं नाटक केलं, ते जरा जास्तच वठलं. तो येईपर्यंत फरशीवरच होतो. गार होती. आणि डेलनं तुम्हाला नाचाचं सांगितलं, पण एका फेऱ्यातच मला खुर्चीत टाकून ट्रकपर्यंत न्यावं लागलं, ते नाही सांगितलं वाटतं? अर्धवट चहाडखोर कुठला! पाय जरा... असू द्या. वय आहे. कॉफी घ्या.

ऐकलंत? हर्शेलचाच ट्रक. वळणावर असाच घरघरतो. चला चला, मला त्या चाकांच्या खुर्चीत असायला हवं, तुम्ही चेहरा गंभीर करा, मी—

एक मिनिट.

हं. पुन्हा. झोपाळा हलतोय म्हणून... नाही, झोपाळा नाही. पोरी, जरा हात दे. दोन्ही दे. आता हसू नकोस, नाटक अजून सुरू नाही झालं. खरंच उठवत नाहीये गं. पायच ऐकत नाहीत. हे असं बऱ्याचदा होतं हल्ली, कुणाला म्हणून बोललो नाही मी. हळू. हां—बसव. घोंगडी टाक पायांवर. खोटं लिहायला लागेल म्हणून जीव खात होतीस ना माझा? नको लिहूस. जे बघितलंस तेच लिही. पण नर्सला सांग, आधी त्याचे बूट. माझं मागून बघा काय ते. आधी त्याचे—

चूप. आला.