आप्पांनी म्हशीकडं तोंड करून जिंकलेली सेमीफायनल

बैलगाडीच्या सावलीत कुत्रं चालतं, त्याला वाटतं गाडी आपणच ओढतोय. बरं, ते कुत्रं आहे. पण मंडळी, माणसाचं काय? 'मी आहे म्हणून घर चाललंय' असं ज्याला कधी वाटलं नाही, त्यानं हात वर करावा. – दोनच हात? आणि त्यातला एक पेटीवाल्याचा, तो घाम पुसतोय!

तर ऐका. गाव कोल्हापूर. फुटबॉलच्या विश्वचषकाचे शेवटचे दिवस. आपला देश त्यात नाही. नसू दे की! भांडायला आपलाच देश लागतो असं कुठं आहे? खालच्या तालमीनं पिवळा संघ धरला, वरच्या तालमीनं निळा. ते देश आहेत कुठं? खालच्या तालमीतल्या बळवंतआप्पा सासन्यांना विचाराल तर म्हणतील, "असंल गारगोटीच्या पुढं कुठंतरी."

आप्पा पंच्याहत्तरीचे. एके काळी तालमीच्या फुटबॉल संघाचे गोलकीपर. आता संध्याकाळी कट्ट्यावर म्हैस आणायची आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून ताजं दूध द्यायचं.

उपांत्यपूर्व सामन्यात पिवळे एका गोलनं मागं. गिऱ्हाईक आलं म्हणून आप्पा तालमीतल्या टीव्हीपुढनं उठले, बाहेर धार काढायला बसले – आत पिवळ्यांचा गोल! हात पुसत आत आले – पिवळ्यांवर गोल. आता तालमीचा अध्यक्ष उठला. "आप्पा, पाया पडतो, तुम्ही म्हशीपाशीच ऱ्हावा." आप्पा बाहेर गेले आणि पिवळ्यांनी दोन गोल चढवून सामना मारला.

सेमीफायनलला तर आप्पा टीव्हीकडं पाठ, म्हशीकडं तोंड करून बसले. चार-शून्य! आणि चौथ्या गोलला म्हशीनं दीड लिटर दूध जास्त दिलं. खोटं वाटत असेल तर तिला विचारा, मी मध्ये पडत नाही.

झालं, आप्पा फुगले. "मी नसतो तर पिवळं कवाच घरी गेलं असतं," असं गिऱ्हाइकांना सांगायला लागले. बायको आक्काताई म्हणाली, "व्हय, तुम्हास्नी न्यायला इमान निघालंय तिकडनं. ते येईस्तोवर शेण काढा."

पण आतून माणूस झुरत होता. पुढचा विश्वचषक चार वर्षांनी. तोवर आपण असू का? फायनल डोळ्यानं बघावी की संघाला जिंकवावं?

जिंकवायचं ठरलं. फायनलच्या संध्याकाळी आप्पा म्हशीपाशी बसले. बघतात तर कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला, वरच्या तालमीकडं पाठ करून, शंकरनाना मिरजे! तरुणपणी आप्पांवर गोल मारलेला गडी, वरच्या तालमीचा.

"नाना, हितं काय करालायस?"

"तू करालायस तेच. मी आत बसलो की निळ्यांवर गोल हुतो. सेमीफायनल मीच काढली."

आप्पांचा हात आचळावरच थांबला. आतून ओरडा आला, जादा वेळही संपली, एक-एक बरोबरी.

"नाना, आपण दोघंबी बाहेर. मग गोल करतंय कोण?"

नाना हळूच म्हणाले, "ती खेळणारी पोरं करत असतील की."

दोघांनी आत जायचं ठरवलं. पण एकमेकांवर विश्वास कुठला! एकानं दुसऱ्याचं मनगट धरलं, 'एक-दोन-तीन' म्हणून एकदमच उठले. परक्या तालमीत कोण जाणार? मधल्या न्हाव्याच्या दुकानात शिरले. पेनल्टी चालू. निळ्यांची शेवटची किक – पिवळ्यांचा गोलकीपर आडवा उडाला आणि बॉल बोटांच्या टोकांनी बाहेर काढला. पिवळे जिंकले.

गुलाल घेऊन पोरं आली, आप्पांना खांद्यावर घेतलं. "आप्पांनी जिंकलं!"

आता गप्प राहिले असते तर? पुतळा झाला असता कट्ट्यावर, म्हशीसकट. पण आप्पा म्हणाले, "खाली घ्या रं. मी आत बसून बघालतो. माझ्यामुळं न्हाई झालं."

अध्यक्षाचं तोंड उतरलं. "मग कुणामुळं?"

"त्या गोलकीपरामुळं. काय उडी मारली लेकानं! सरका, दावतो." आणि पंच्याहत्तरीचे आप्पा भर रस्त्यात गुलालात आडवे झाले.

बघा मंडळी, मोठेपणा गेला, पण खेळ बघायला मिळाला. आपण मात्र घर, दुकान, उत्सव कमिटी पाठीवर घेऊन बसलोय, आणि त्या वरच्याचा खेळ पाठीमागं चाललाय. कमिटीचे अध्यक्षसाहेब, तो धरलेला खांब सोडा, मंडप पडत नाही. बसा खाली, आणि इकडं तोंड करा.