चौपट पगाराची नोकरी

चौपट पगार म्हटलं की मला आमचे अण्णाच आठवतात. दुष्काळाचं साल होतं, कॉलनीत नळ आठ दिवसांनी यायचा. एक एजंट मला मस्कतच्या शाळेत लावायला घरी आला होता.

अण्णा पाचोडच्या बाजारात शेळ्या घेणारे. का विकतो हे विचारल्याबिगर दाव्याला हात लावत नसत. म्हणाले, “आपल्याकडचा मास्तर असंल ना तिथं? लावा फोन.”

एजंटनं ऐटीत स्पीकर लावला.

“माझं पोरगं इथं मास्तर हाय, नळ आठ दिवसांनी येतो म्हणून तिकडं येतंय. भाडं-बिडं जाऊन पगार पुरतो का?”

“पुरतो की, काका. लई मजेत आहे.”

एजंट हसला. तेवढ्यात मास्तरनं हळूच विचारलं, “काका, त्याची तिथली जागा मला मिळंल का? नळ आठ दिवसांनी आला तरी चालंल.”