झाकण सैल ठेवा

छोटी विमानं-जहाजं जोडून रंगवणाऱ्यांच्या दुकानात मी ब्रश घ्यायला रांगेत उभा होतो. पुढच्या काकूंनी बुटांच्या खोक्यातून रंगाच्या इवल्याशा बाटल्या काढून काउंटरवर मांडल्या.

"दादा, हे अजून चालतील का बघा ना. आमच्या ह्यांचे आहेत. आजारपणात वर्षभर हात लागला नाही."

"बघू. हा चांगलाय, हाही. काकू, इतके दिवस नुसते पडून राहिले तर तळाशी गोळा बसतो. हे कसे टिकले?"

"मी हलवायचे ना, चहा उकळेपर्यंत एकेक बाटली. ते म्हणतात, वाळले असतील, टाकून दे. विमान अर्धंच पडलंय."

"हा निळा मात्र गेला. पाणी घातलंत?"

"घट्ट वाटला, म्हणून घातलं थोडंसं."

"अहो, हा ऑइलचा! ह्याला पाणी चालत नाही. नवा देतो."

"द्या, पण जुन्याच बाटलीत ओतून. नवी दिसली की म्हणतील, बघ, वाळलाच होता."

"बरं, साफ करून ओततो. आणि झाकणं घट्ट लावून देतो. हवा लागली की संपलंच."

"नको, सैलच ठेवा."

"काकू, महिनाभरात दगड होतील!"

"होऊ देत, मी परत येईन. त्यांच्या हातात अजून जोर नाही हो. आणि मला 'उघडून दे' म्हणायचे नाहीत ते."