तिसरी चादर

सिस्टर : ...अहो, आधी त्या कोपऱ्यावर दगड ठेवा, मग बोला. वाऱ्याने चादर नेली तर जावईबापू वरूनच हात हलवून जातील.

डॉक्टर : ठेवला. आणि आज त्यांना तोंडावर जावईबापू म्हणू नका हं. मागच्या वेळी मला अर्थ विचारत होते.

सिस्टर : मग काय सांगितलंत?

डॉक्टर : म्हटलं, आमच्यात वैमानिकाला असंच म्हणतात.

सिस्टर : काही खोटं नाही. तो यायचा म्हटलं की स्वयंपाकीण राखून ठेवलेली साखर काढते, माळी धावपट्टीवरच्या गाई हाकलतो आणि तुम्ही पदराने खुर्ची पुसता. माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचंही कोणी इतकं केलं नव्हतं.

डॉक्टर : औषधं आणतात हो ते. शिवाय आज नवा डॉक्टर आणतायत.

सिस्टर : आणि तुम्हाला घेऊन जातायत. ते आधी म्हणा की. सकाळी प्रार्थनेला अख्खा वॉर्ड तुमच्या प्रवासासाठी डोळे मिटून बसला होता, आणि तुम्ही माझ्या कानात कुजबुजताय, कोपऱ्यातल्या बाळंतिणीचे टाके परवाच काढा म्हणून.

डॉक्टर : सांगायला नको का? नवा माणूस येतोय. त्याला नीट समजावा. बंदूकवाला कुठल्याही बाजूचा असो, बंदूक फाटकाबाहेर झाडाखाली ठेवायची आणि मगच आत यायचं. आणि गोळीबार सुरू झाला की आधी खिडकीजवळच्या खाटा भिंतीशी ओढायच्या. तपासणं नंतर.

सिस्टर : डॉक्टर, हे नियम तुम्ही यायच्या आधी मीच घातलेत.

डॉक्टर : हो. विसरलेच.

सिस्टर : विसरलाबिसरला नाहीत. हाताला काम नाही म्हणून तोंड चाललंय. बॅग कुठाय?

डॉक्टर : ती काय, खुर्चीखाली.

सिस्टर : एवढीशी? गेल्या खेपेला चांगली फुगलेली होती.

डॉक्टर : गेल्या खेपेला आईसाठी शाल घेतली होती. मग पूर आला, विमान आलंच नाही. शाल वॉर्डातल्या त्या काकडणाऱ्या आजीबाईंना दिली. त्याच्या आधी गोवराची साथ आली, तेव्हा मीच विमानातली जागा सोडली. म्हणून या वेळी काही घेतलंच नाही. म्हटलं, आपण पोचलो तरी खूप झालं.

सिस्टर : आई ओळखते का आता?

डॉक्टर : फोनवर नाही ओळखत. माझा आवाज ऐकला की विचारते, कोण, डॉक्टरीणबाई का? तिला वाटतं, गल्लीच्या तोंडाशी दवाखाना आहे ना, तिथली डॉक्टरीण बोलतेय. मग गुडघ्याचं सांगते, झोपेचं सांगते. सगळं सांगून झालं की म्हणते, माझी मुलगीसुद्धा डॉक्टर आहे हो, लांब असते, यायची आहे.

सिस्टर : मग तुम्ही काय म्हणता?

डॉक्टर : म्हणते, येईल हो.

सिस्टर : कसं म्हणवतं तुम्हाला?

डॉक्टर : म्हणवतं. फोन ठेवल्यावर मात्र काही सुचत नाही. पण दादा सांगतो, माणूस समोर उभं राहिलं की ओळखते. परवा मामा आला तर त्याचा हात धरून त्याला लहानपणीच्या नावाने हाक मारली. आवाज गेलेत तिचे, चेहरे आहेत अजून. किती दिवस राहतील, ते मी डॉक्टर असून मलाही सांगता येत नाही. म्हणून जायचंय, सिस्टर. एकदा तिच्यापुढे उभं राहायचंय. तिने मला नावाने हाक मारावी. मग विसरली तरी माझी तक्रार नाही.

सिस्टर : मारेल. मी सांगते ना, मारेल.

डॉक्टर : मला देवाचं बोलावणं आलं म्हणून मी इथे मिशनच्या इस्पितळात आले. मला कोणी ओढून आणलं नाही. पण आईला कुठे कोणी विचारलं होतं? तिने आपली मुलगी देऊन टाकली. निघताना रडलीसुद्धा नाही. नुसती ही चादर माझ्या बॅगेत कोंबली.

सिस्टर : कुठली चादर?

डॉक्टर : तुमच्या हातात आहे ती. तिसरी.

सिस्टर : अगं बाई. ही तुमची? मी आपली वॉर्डातली समजून इतकी वर्षं उकळत्या पाण्यात घालून तिचा जीव काढतेय.

डॉक्टर : एकदा धुण्याबरोबर वॉर्डात गेली आणि तिकडचीच झाली. मीही मागितली नाही. तो कोपरा बघा, फूल आहे. हॉस्टेलच्या धुण्यात हरवू नये म्हणून आईने काढलं होतं. तिच्या लेखी मिशन म्हणजे हॉस्टेलच.

सिस्टर : पण पांढऱ्यावर पांढरं? ते दिसणार कोणाला?

डॉक्टर : मीही हेच विचारलं होतं. म्हणाली, ज्याची आहे त्याला दिसतं.

सिस्टर : खमकी आहे तुमची आई. थांबा, ही मी मधे अंथरते. विमानाशी बोलायचा आमचा रेडिओ उचलून नेला त्या बंदूकवाल्यांनी, पण चादरी कोण नेणार? चादरी दिसल्या की उतर, नाही दिसल्या की मागे फीर. जावईबापूंनाही एवढं कळतं.

डॉक्टर : गप्प बसा जरा. ऐकलंत?

सिस्टर : ऐकलं की. आलं विमान. वेळेचा पक्का आहे हो.

डॉक्टर : विमान नाही. नाल्यापलीकडे ऐका.

सिस्टर : ते होय. शाळेच्या छपरावर पत्रे ठोकतायत.

डॉक्टर : पत्रे ठोकणारा मधे थांबतो. दुसरा खिळा घेतो. हे थांबत नाहीये.

सिस्टर : दोघं-तिघं मिळून ठोकत असतील. तुम्ही बॅग उचला. विमान टेकलं की पळत सुटायचं, मागे बघायचं नाही.

डॉक्टर : या दोन मी उचलते. ती तुम्ही उचला.

सिस्टर : नाही.

डॉक्टर : सिस्टर, तुमचा पाय आहे चादरीवर.

सिस्टर : आहे. दोन्ही आहेत. काढणार नाही.

डॉक्टर : मागच्या वर्षी त्यांच्या विमानाच्या पंखाला गोळीने भोक पडलं, तेव्हा कोणी ठरवलं होतं? नाल्याकडून आवाज आला की चादरी उचलायच्या, कोणाला विचारत बसायचं नाही. तुम्हीच ना?

सिस्टर : मीच. तेव्हा तुम्ही बॅग घेऊन उभ्या नव्हता.

डॉक्टर : विमान जवळ येतंय.

सिस्टर : येऊ दे. अगं, तो उतरेल आणि लगेच उडेल. तू नुसती चढ. मी इतकी वर्षं तुझ्याकडे कधी काही मागितलं का? माझी वाट बघणारं कोणी उरलं नाही, मला कळतं ते काय असतं. तू जा बाई. मी हात जोडते.

डॉक्टर : जावईबापूंकडे जुळी झालीत, सिस्टर. फोटो दाखवला होता त्यांनी. दोघांच्या टोप्या डोळ्यांवर आलेल्या.

सिस्टर : आणि तुझ्याकडे आई आहे.

डॉक्टर : आई मला विसरत चाललीय. त्या पोरांनी अजून बापाला ओळखायला सुरुवातसुद्धा केलेली नाही. पाय काढा.

सिस्टर : देव बघतोय बरं, मी काढत नव्हते ते.

डॉक्टर : बघतोय. काढा.

सिस्टर : घे. घे तुझी चादर.

(विमान डोक्यावर येतं, एक वळसा घेतं, आणि आवाज डोंगरापलीकडे विरत जातो.)

सिस्टर : त्याने बघितलं असेल का?

डॉक्टर : बघितलं. पंख हलवून गेले.

सिस्टर : रडून घे थोडं. मी तिकडे बघते.

डॉक्टर : नंतर. फाटकावरची घंटा वाजतेय.

सिस्टर : कोणाला तरी आणलंय खाटेवर घालून. मांडीला फडकं बांधलंय, सगळं लाल झालंय.

डॉक्टर : पत्रे ठोकताना लागलं असेल.

सिस्टर : मारा टोमणा. तुमचा हक्क आहे.

डॉक्टर : तुम्हाला कळलं होतं ना?

सिस्टर : पहिल्याच आवाजाला. इतकी वर्षं हेच ऐकतेय. पण म्हटलं, आज एक दिवस आपण बहिरे झालो तर कोणाचं काय जातंय.

डॉक्टर : चला. खाटा भिंतीशी घ्या, मी हात धुते.

सिस्टर : आणि ही चादर? वॉर्डात टाकू?

डॉक्टर : नको. ती माझ्याकडे द्या.

＊

सिस्टर : त्याला शुद्ध आली. पाणी मागतोय आणि बंदूक कुठाय विचारतोय. म्हटलं, झाडाखाली आहे, आधी पाय हलवून दाखव. तुम्ही आता इथे कशाला उभ्या? छतावर जा, फोनला रेंज आलीय. घरी कळवायला नको का?

डॉक्टर : जाते. त्याचा पाय गार लागला तर मात्र लगेच हाक मारा.

सिस्टर : मारीन. जा आता.

＊

डॉक्टर : हॅलो, वहिनी? हो, मीच. नाही, निघाले नाही. विमान उतरू शकलं नाही. आम्ही सगळे बरे आहोत, खरंच बरे आहोत. पुढचं कधी, ते नाही माहीत. दादाला म्हणावं, विमानतळावर जाऊ नकोस. आईला सांगून ठेवलं होतंत? ... सकाळपासून दारातच बसलीय? ... असू दे, तुमची काय चूक. द्या तिच्याकडे.

आई : कोण, डॉक्टरीणबाई का?

डॉक्टर : हो. काय म्हणतोय गुडघा?

आई : गुडघा काय म्हणणार, आहे तिथेच आहे. पण आज मला बोलायला सवड नाही हो. माझी मुलगी यायची आहे.

डॉक्टर : हो का?

आई : लांब असते. तीही डॉक्टर. पण तुमच्यासारखी गल्लीतली नाही, राग मानू नका. तिकडे म्हणे मारामाऱ्या फार. मला कोणी सांगत नाही, पण मला समजतं. मी खोलीत आले की सून टीव्ही बंद करते ना, तेव्हा समजतं.

डॉक्टर : काळजी वाटते?

आई : न वाटायला काय झालं? पण तिच्यापाशी बोलत नाही. पेशंटला हात लावायचा आणि डोक्यात आई, असं नको व्हायला. हात थरथरला म्हणजे?

डॉक्टर : नाही थरथरत तिचा.

आई : तुमची आई आहे का हो?

डॉक्टर : आहे.

आई : आठवते?

डॉक्टर : रोज आठवते. सकाळी उठल्यावर पहिली तीच आठवते.

आई : मग जात जा भेटायला. कामं काय, कधी संपतात का?

डॉक्टर : जाईन. आणि तुमची मुलगी आज नाही आली तर?

आई : आज नाही तर उद्या येईल. माझी चादर आहे तिच्याकडे. कोपऱ्यावर फूल काढलेली.

डॉक्टर : पांढऱ्यावर पांढरं.

आई : तुम्हाला कसं माहीत?

डॉक्टर : मी बघितलीय. मऊ झालीय फार, पण फूल तसंच आहे. एकही टाका उसवलेला नाही.

आई : वापरते ना? की जपून ठेवलीय नुसती?

डॉक्टर : वापरते. आजच कामाला आली.

आई : मग बरं. वस्तू वापरावी. चला, ठेवा तुम्ही, पेशंट खोळंबले असतील.

डॉक्टर : बरं.

आई : ठेवा.

डॉक्टर : हो, ठेवते.

आई : आमची मुलगीही अश्शीच. ठेवते ठेवते म्हणते आणि ठेवत काही नाही. मग मीच आपली फोन कानाला लावून बसते.

डॉक्टर : मग बसा जरा. मीही बसते.