घासाघीस थांबली त्या दिवशी

मी अकोटची. माय शिवणकाम करे, मी कापडाच्या चिंध्यांतच वाढली, म्हणून कापड हातात घेतलं का मले त्याचा पोत समजते. माय लवकर गेली. लग्न होऊन अकोल्याले आली, जुन्या शहरात डोक्यावर गठ्ठा घेऊन दारोदार ब्लाऊजपीस विकले, आता माहं स्वतःचं दुकान हाये, लहान हाये पण कोणाच्या उपकाराचं नाई. भावात मले कोणी हरवत नाई अन् राग माह्या नाकावर असते, हे आधीच सांगून ठेवून राहिली.

काय सांगू ताई तुमाले, पहिलं बाळंतपण माहेरचं, आमच्यात रीतच हाये, सातवा लागला का भाऊ नेयाले येते. माहा भाऊ आलाच नाई. फोनवर म्हणे, अकोल्यात एवढा मोठा दवाखाना हाये, अकोटले येऊन काय करशील? म्हटलं, दवाखाना मलेबी दिसते, तू दिसत नाई. फोन आपटला. वहिनीले मायचं एक जुनं लुगडं मागितलं होतं, कारण लेकराले पहिल्यांदा नवं कापड गुंडाळत नाई, घरच्या म्हाताऱ्या बाईचं वापरून मऊ झालेलं पायजे. वहिनी म्हणे, पाहू. पाहू म्हणजे नाई, हे दुकानदाराले कावून सांगावं लागते?

मंग तयारी मीच केली. दवाखान्याचे कागद, समोरून उघडणारे गाऊन, टोपडं, धुतलेल्या चादरी, सारं पिशवीत भरून दारामागं टांगलं. सासूबाई जीव लावे पण त्यायले घाई लय, रोज ती पिशवी उघडून पाहे, जसं काय लेकरू त्यातूनच निघते.

एका दुपारी पोट दगडासारखं झालं. सासूबाई म्हणे, चाल वो, झालं. ऑटोनं गेलो, तं दवाखान्याच्या दारात ऑटोवाल्यानं जास्ती मागितले. मंग काय, पोटावर हात ठेवून मी त्याच्याशी अशी भांडली का माणसं जमा झाली. नर्सबाई पाहूनच राहिली होती. तपासलं अन् म्हणे, घरी जा. खरी कळ थांबून थांबून येते, मंग जवळ जवळ येते, जोर वाढतच जाते, चाललं का झोपलं तरी जात नाई, अन् कळ चालू असली का बाईच्या तोंडून शब्द निघत नाई, तू तं वकिलासारखी बोलून राहिली. पण पाणी गेलं, रक्त दिसलं, नाईतर लेकराचं हलणं कमी झालं, तं कळेची वाट पाहू नको, तशीच ये.

सासूबाईनं गल्लीभर सांगितलं, आमची सून भांडाले दवाखान्यात गेलती.

मंग आला तो दिवस. सकाळपासून कंबर भरून आली होती, तरी दुकान उघडलं. बाळापूरची एक बाई अस्तराचं कापड घ्याले येते, माह्यासारखीच चिवट. तिनं भाव पाडून मागितला, मी तोंड उघडलं अन् कंबरेतून कळ अशी पुढं आली का फळी धरून उभी राहिली. कळ गेली, मी म्हटलं, परवडत नाई. तिनं अजून पाडला, तं पुन्हा कळ, पयल्यापेक्षा मोठी. असं चालूच राहिलं. शेवटी मी म्हटलं, घेऊन जाय माय, तू म्हणशील ते. बाईनं कापड खालीच ठेवलं. म्हणे, तू अन् इतक्यात देऊन राहिली? कापडात खोट हाये का वो? म्हटलं, खोट नाई, लेकरू हाये.

तिनंच शटर ओढलं, घरून सासूबाईले बोलावलं. ऑटोवाल्याले मी म्हटलं, चाल बावा, मागशील ते देईन. तं सासूबाई रडालेच लागली, म्हणे, आता खरं हाये. अन् तिथूनच अकोटले फोन लावला.

दिवस मावळायच्या आत पोरगी झाली. अशी ओरडली का नर्सबाई म्हणे, मायवरच गेली. लेकराले पुसून तिनं मऊ कापड मागितलं, अन् दारात वहिनी! यष्टीतून उतरून घामाघूम, हातात मायचं लुगडं, धुतलेलं, फाडून दुपटी केलेली, काठाले बारीक टाके. म्हणे, पाहू म्हटलं होतं ना, हातानं शिवाले वेळ लागते. मी बोट फिरवलं. मायचाच पोत. मले काही बोलताच आलं नाई, अन् या वेळी कळ नव्हती.

राग गेला का, विचारता? नाई जी. भाऊ मागं मान खाली घालून उभा होता, त्याले तिथंच सांगितलं, पाळणा तुह्या खर्चानं, अन् सव्वा महिना मी तुह्या घरी, नेयाले तू स्वतः येशील. तो म्हणे, पंधरा दिवस चालन का? मी एक दिवस सोडला नाई. आला, नेलं.

आता पोरगी दुकानात गठ्ठ्यावर झोपते, मायच्या दुपट्यात. सुखात राहो. तिच्या पहिल्या खेपेले सातवा लागायची वाट मी पाहणार नाई, आधीच तिच्या दारात जाऊन उभी राहीन.