चालू गाडीचा टर्मिनल

मी मूळचा देवळ्याकडचा, घरी कांदा, पण मला वायरींचं वेड, म्हणून सतराव्या वर्षी नाशिकला आलो आणि तिथल्याच द्वारका चौकात एका उस्तादांच्या हाताखाली लागलो, आता आडगाव नाक्याला स्वतःचं दुकान हाय, गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम, आणि काय सांगू तुम्हाला, बॅटरीच्या ॲसिडनं एक पँट धड राहिली नाय माझी.

चार्जिंग बघायची उस्तादांची एकच रीत. गाडी चालू करायची, चालू गाडीतच बॅटरीचा टर्मिनल काढायचा, इंजिन चालू राहिलं तर चार्जिंग हाय, बंद पडलं तर नाय, संपला विषय. मीटर कशाला पाहिजे, ते म्हणायचे, ज्याला काम येत नाय त्यानं मीटर लावावा. मीही जीपा, टेम्पो, ट्रॅक्टर सगळे तसेच बघितले, आणि गिऱ्हाईक तोंडाकडं बघत राहायचं ना, ते मला लय आवडायचं, खोटं कशाला बोलू.

तर कळवणचे एक रिटायर गुरुजी हायेत, जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या बाईंची किडनी गेलेली, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नाशिकला आणायचे, त्यासाठीच नवी गाडी घेतली. एक दिवस आले, म्हणाले उत्तमराव, बॅटरीचा लाल दिवा लागतोय, बघा जरा. बाई मागच्या सीटवर उशी घेऊन बसलेल्या. मी बॉनेट उघडलं आणि चालू गाडीचा टर्मिनल काढला. दिवे भक्कन पेटले आणि सगळं गपगार. नव्या गाड्यांत कॉम्प्युटर असतो, चालू गाडीत बॅटरी सुटली की करंटचा झटका त्याला बसतो, तो जळाला. मला ठाऊक नव्हतं असं नाय, ऐकलं होतं, पण हात थांबला नाय.

गुरुजी म्हणाले, काय झालं हो. मी म्हणालो, कॉम्प्युटर आधीच जात आला होता गुरुजी, म्हणून तर दिवा लागत होता. ते म्हणाले, बरं झालं, तुमच्याच दारात गेला, आणि बाईंना रिक्षात बसवून दवाखान्यात घेऊन गेले. मग मी बघितलं, चार्जिंगचा डायनामो फिरवणारा पट्टा नुसता ढिला होता, दिवा त्यानं लागत होता. पाच मिनिटांचं काम. गाडी पंधरा दिवस शोरूमला पडून होती आणि गुरुजी बाईंना एसटीनं आणायचे, एकदा बाई स्टँडवर चक्कर येऊन पडल्या, हे त्यांनीच मला सांगितलं, माझ्याच दुकानात चहा पिताना. मी कप विसळत होतो, तो विसळतच राहिलो.

मग मी मीटर घेतला. चालू गाडीत चौदाच्या आसपास व्होल्ट दिसले की चार्जिंग बरोबर, हे मला इतकी वर्षं धंदा केल्यावर शिकायला लागलं. बाई मागल्या साली गेल्या, आजारानंच गेल्या, पण लाज वाटते ती वाटतेच. गुरुजी अजून गिऱ्हाईकं पाठवतात, सांगतात, उत्तमराव खोटं बोलायचे नाहीत. दोनदा कळवणला गेलो सांगायला, दोन्ही वेळा चहा पिऊन परत आलो.

तुम्ही मघाशी विचारलं, छापताना नाव बदलू का. नका बदलू. गुरुजी छापलेलं सगळं वाचतात, हेही वाचतील. देव त्यांची नजर चांगली ठेवो.