फोटोतलं शांत पाणी

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे मुख्य अभियंता साहेब, आजचे सत्कारमूर्ती आपले पंपमास्तर, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, आणि भाषणं कधी संपतात याकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या मित्रांनो,

मी फोटोग्राफर. लोकांना 'हलू नका' म्हणण्यातच माझी हयात गेली, त्यामुळे चार शब्द बोलायचे म्हटलं की मी कॅमेऱ्याच्या मागे जातो. पण मास्तर निवृत्त होताहेत आणि मी गप्प बसायचं, हे कसं जमावं?

माझ्यामागच्या भिंतीवरचा फोटो आपण सगळे रोज पाहता. बावीस वर्षांपूर्वीचा हिवाळा, अवकाळी पावसाचा. नदी पात्र सोडून शेताशेतांत पसरलेली, आणि आपलं वीजकेंद्र दोन्ही धुरांड्यांसकट पाण्यात उलटं उभं! या फोटोनं मला नाव दिलं. बदलीचा माणूस येऊ शकला नाही म्हणून मास्तर तीन दिवस पंपघरात एकटे पाणी उपसत होते, तेव्हा कुठे ती धुरांडी चालू राहिली. ते काही फोटोत दिसत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी वारा पडला. मी बांधावर कॅमेरा लावला आणि नेमकी एक होडी निघाली. पाणी हललं की चित्र मोडलंच. मी हात उंच केला. पुराच्या त्या दिवसांत केंद्रात या खुणेचा अर्थ एकच होता: पुढे पाण्यात जिवंत तार आहे, थांबा. मला तो ठाऊक होता. म्हणूनच हात केला. होडी वीस मिनिटं थांबली.

गेल्या आठवड्यात या भाषणासाठी माहिती विचारायला मी मास्तरांच्या घरी गेलो. फोटोचा विषय निघाला, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "त्या होडीत हेच होते. मामंजी अंथरुणावरून सारखे विचारत होते, आला का म्हणून. हे घरी पोचायच्या पाच मिनिटं आधी मामंजी गेले."

त्यावर मास्तर काय म्हणाले? "अगं, यांनी हात केला नसता तर मीही गेलो असतो. फोटोवाले, तुमचे उपकार आहेत आमच्यावर."

मी चहा संपवला आणि घरी आलो.

मास्तर, तिथे तार नव्हती. मला फक्त पाणी शांत हवं होतं.

आयोजकांनी बोलायला उभं केलं, आपण ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलताना काही कमीजास्त झालं असेल तर सभागृहानं पोटात घालावं. त्या वीस मिनिटांची माफी मात्र मास्तरांकडे मागतो, वहिनींकडे मागतो. त्यांनी दिली नाही, तरी माझी तक्रार नाही.